ती पाळी आणणारी गोळी नाही

“आयपिल घेऊन दहा दिवस झाले, तारीख उलटून गेली, पाळीचा पत्ता नाही. अजून एक घेऊ का?” हा प्रश्न मुली मैत्रिणीला विचारतात, मेडिकलवाल्याला विचारतात, पण डॉक्टरांना क्वचितच. “घेऊन टाक, दोन दिवसांत येईल,” असा सल्ला देणारं कुणीतरी भेटतंच. हा सल्ला चुकीचा आहे. कितीही वेळा सांगितलं तरी तो पुन्हा कानावर येतो, आणि दर वेळी एखादी घाबरलेली मुलगी विनाकारण दुसरी गोळी गिळते.

आयपिल, अनवॉन्टेड-72 किंवा आशाताईंकडे मिळणारी ईझी पिल या संबंधानंतर तातडीने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांत लेव्होनॉरजेस्ट्रेल हे एकच औषध असतं, 1.5 मिलिग्रॅम. त्याचं काम बीजांडकोशातून बीज बाहेर पडणं लांबवण्याचं. पाळी आणणं हे त्याचं काम नाही. गोळी बीज सुटणं लांबवते, हेच जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनीही डिसेंबर 2022 मध्ये या गोळीच्या माहितीपत्रकात तसा स्पष्ट बदल करून घेतला.

आता तारखा मांडून बघा. समजा एका मुलीची पाळी 1 जूनला आली आणि चक्र 28 दिवसांचं आहे. बीज साधारण 15 जूनच्या सुमारास सुटणार, पुढची पाळी 29 जूनला. संबंध आला 11 तारखेला, गोळी घेतली 12 ला. गोळीने बीज अडवलं आणि ते 20 तारखेला सुटलं. शुक्रजंतू शरीरात फार तर पाच दिवस जगतात, म्हणजे तोवर ते संपलेले. बीज सुटल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ मात्र फारसा बदलत नाही, सुमारे 14 दिवसांचा. म्हणून पाळी येणार 4 जुलैला, पाच दिवस उशिरा. ज्या उशिरामुळे या मुलीची झोप उडाली, तो गोळीने आपलं काम केल्यामुळेच झालेला आहे. गोळी चक्राच्या अगदी सुरुवातीला घेतली तर पाळी थोडी लवकरही येते. बहुतेकींची पाळी ठरल्या तारखेच्या आगेमागे आठवडाभरात येऊन जाते.

मग “गोळी घेतली की पाळी येते” हे डोक्यात बसलं कुठून? एक कारण आपल्या घराघरांत आहे. गणपती, लग्न, पूजा आली की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या जातात. त्यात नॉरएथिस्टेरॉन असतं. ते रोज घ्यायचं, आणि बंद केलं की दोन-तीन दिवसांत रक्तस्राव सुरू होतो. दुसरं कारण जुनं. एकेकाळी दिवस राहिलेत की नाही हे बघायला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या जबर मात्रेच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं देत. पाळी आली तर दिवस नाहीत, असा हिशेब. गर्भाला धोका असल्याने स्त्री-संघटनांनी त्याविरुद्ध मोहीम चालवली आणि 1980 च्या दशकाच्या अखेरीस त्या औषधांवर बंदी आली. औषधं गेली, समजूत आई-मावशींच्या पिढीकडून पुढे चालत राहिली. त्यात गर्भपाताच्या गोळ्यांची भर पडली. त्या मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल, पूर्ण वेगळी औषधं. आयपिलने राहिलेला गर्भ पडत नाही, आणि गोळी फसून दिवस राहिलेच तर तिने गर्भाला इजा होते असंही आढळलेलं नाही.

म्हणजे तारीख उलटल्यावर घेतलेली दुसरी आयपिल निरर्थक आहे. दिवस राहिले असतील तर ती काही करत नाही. राहिले नसतील तर चक्र आणखी विस्कटण्याची शक्यता आणि मळमळ तेवढी पदरात पडते.

थांबायचं किती, हे मात्र नेमकं ठरलेलं आहे. पाळी सात दिवसांहून जास्त लांबली किंवा संबंधाला 21 दिवस झाले की लघवीची तपासणी करायची. वरच्या उदाहरणात 2 जुलैला. मेडिकलमध्ये किट मिळतं. सरकारी निश्चय किट आशाताईंकडे असतं. सकाळची पहिली लघवी घ्यायची, किटसोबतच्या ड्रॉपरने सांगितले तेवढे थेंब टाकायचे आणि पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच निकाल वाचायचा. तासाभराने उमटलेली पुसट रेघ धरायची नाही. गोळीतल्या हॉर्मोनमुळे तपासणी चुकत नाही, कारण किट वेगळंच हॉर्मोन शोधतं. 21 दिवसांआधी आलेल्या एका रेघेवर, म्हणजे “दिवस नाहीत” या निकालावर, मात्र विसंबू नका.

उलट बाजूचा गैरसमजही तितकाच फसवा. गोळीनंतर चार-सहा दिवसांत थोडे डाग दिसतात आणि “आली पाळी, सुटलो” म्हणून विषय मिटवला जातो. ते डाग हॉर्मोनच्या चढउतारामुळे असतात, पाळी नव्हे. नेहमीसारखी पाळी आली नाही तर तपासणी करायचीच.

आणि गोळी चुकते का? चुकते. 1998 साली लॅन्सेटमध्ये आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात हेच औषध घेतलेल्या 976 पैकी 11 जणींना दिवस राहिले. बीज सुटण्याची प्रक्रिया सुरू झाली असेल तर गोळीला फारसं काही करता येत नाही. त्यामुळे संबंधानंतर गोळी घ्यायला 72 तासांची मुदत असली तरी तिसऱ्या दिवसाची वाट बघू नये. दोन तासांत उलटी झाली तर गोळी पुन्हा घ्यावी लागते. क्षयाचं रिफाम्पिसिन किंवा फिटची काही औषधं चालू असतील तर नेहमीची मात्रा पुरत नाही, डॉक्टरांना विचारा. पाच दिवसांच्या आत बसवलेली कॉपर टी गोळीपेक्षा खात्रीची, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

“एकदा घेतली की महिनाभर काळजी नाही” हे साफ खोटं. बीज पुढे ढकललंय, म्हणजे धोकाही पुढे ढकललाय. पुढच्या पाळीपर्यंत कंडोम हवाच. पपई, तीळ-गूळ, ओव्याचा काढा यांनी अडलेली पाळी येत नाही. न आलेल्या पाळीचं रक्त आत साठून राहत नाही. आणि या गोळीने वंध्यत्व येत नाही.

तपासणीत दोन रेघा आल्या, म्हणजे दिवस राहिले असतील, तर घरच्या घरी गोळ्या गिळू नका. एका बाजूला पोटात जोरात दुखत असेल, चक्कर येत असेल, तर गर्भ नळीत असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. एरवी 9 आठवड्यांपर्यंत डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्यांनी गर्भपात करता येतो. गर्भपाताच्या कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर गर्भनिरोधक फसल्याचं कारण अविवाहित स्त्रीलाही लागू आहे. 18 वर्षांवरील स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची किंवा आईवडिलांची सही कायदा मागत नाही, आणि तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.