इंजिन कोळशावर, कंपनी हमीवर

आबिड्सच्या चौकातून नामपल्ली स्टेशनकडे निघालं की वाटेत ‘गोल्डन थ्रेशोल्ड’ लागतं. सरोजिनी नायडूंचं माहेर म्हणून ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यांचे वडील, रसायनशास्त्राचे प्राध्यापक अघोरनाथ चट्टोपाध्याय, यांना १८८३ मध्ये रेल्वेच्या एका वादापायी हैदराबाद सोडावं लागलं, हे फारसं कुणी सांगत नाही. माझी उमर बॉयलरपाशी गेली, इतिहास नंतर वाचून शिकलो. त्यामुळे ही हकीकत मी इंजिनापासून सुरू करतो.

वाडी-सिकंदराबाद लाइन १८७४ मध्ये सुरू झाली. पैसा निजाम सरकारचा, गाड्या चालवायचं काम मात्र जीआयपी रेल्वेकडे. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला गाडी नेणारी ती हीच कंपनी. तिची पहिली आठ इंजिनं इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत घडली होती. पुढे लहान चाकांची एक जोडी, मागे ओढणाऱ्या मोठ्या चाकांच्या दोन जोड्या, अशी त्यांची मांडणी.

अशा इंजिनात भट्टीतला जाळ नळ्यांमधून जातो आणि नळ्यांभोवतीच्या पाण्याची वाफ होते. चौरस इंचाला शंभराहून जास्त पौंड दाबाची ती वाफ सिलिंडरमधला दट्ट्या ढकलते आणि दांड्यांमार्फत चाक फिरतं. वापरून झालेली वाफ धुराड्यातून बाहेर फेकली जाते. जाताना ती भट्टीत हवा ओढून घेते. लहानपणी आपण ज्याची नक्कल करायचो तो ‘झुकझुक’ आवाज याच वाफेचा. यात एक गोम आहे. वाफ गेली ती गेली, म्हणून ठराविक अंतरावर पाणी भरावंच लागतं. आणि शंभर रुपयांचा कोळसा जाळला तर गाडी ओढायला त्यातले जेमतेम सहा-सात रुपयेच कामी येतात. म्हणजे कोळसा जितका लांबून आणाल, तितकी रेल्वे महाग पडणार.

आता चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, या वादात कुठून आलं ते कळेल. त्या जिल्ह्यात वरोऱ्याला कोळसा निघत होता. लाइन चांद्यापर्यंत आणि बेजवाड्यापर्यंत वाढवायची आणि चालू लाइनसकट सगळं एका विलायती कंपनीच्या हाती द्यायचं, अशी योजना पुढे आली. कंपनीला भांडवलावर ५ टक्के व्याजाची २० वर्षांची हमी मिळणार होती. हिशेब साधा आहे. शंभर रुपये गुंतवले आणि रेल्वेने तीनच कमावले, तर उरलेले दोन निजामाच्या खजिन्यातून. मी कंत्राटं पाहिलेला माणूस आहे. नफा आधीच पक्का असला की खर्चावर नजर कोण ठेवणार?

अघोरनाथ आणि मुल्ला अब्दुल कय्यूम यांनी हेच विचारलं. करार करण्याआधी त्याचा तपशील लोकांपुढे ठेवा, एवढीच मागणी. त्यावर अघोरनाथांना हद्दपार केलं गेलं. काही वर्षांनी सन्मानाने परतही बोलावलं, पण तोवर करार होऊन गेला होता.

निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे ही कंपनी लंडनमध्ये उभी राहिली आणि १८८५ मध्ये तिने लाइन ताब्यात घेतली. १८८९ मध्ये रूळ बेजवाड्याला पोचले. कोळसा मात्र चांद्याआधी घरातच मिळाला. डोर्नकलहून फाटा काढून सिंगरेणीच्या खाणी जोडल्या गेल्या. १८९३ मध्ये लालागुड्याला कारखाना झाला, तेव्हापासून इंजिनांची दुरुस्ती इथेच होऊ लागली. काझीपेठहून चांद्याच्या बाजूला बल्लारशापर्यंत सलग रूळ व्हायला १९२०च्या दशकाची अखेर उजाडली.

आणि हमीच्या कारभाराचं काय? खाणींच्या सवलतीचे शेअर कसे विकले गेले, याची चौकशी १८८८ मध्ये खुद्द ब्रिटिश संसदेच्या समितीला करावी लागली. प्राध्यापकसाहेबांनी पाच वर्षांपूर्वी धरलेला संशय अगदीच वाया गेला नव्हता.

१ एप्रिल १९३० रोजी निजाम सरकारने रेल्वे विकत घेतली. रूळ, इंजिनं, कारखाना सगळं तेच राहिलं. नावातला ‘गॅरंटीड’ हा एक शब्द तेवढा गेला. पुढच्या वेळी नामपल्लीची गाडी गाठायला जाल, तेव्हा दोन मिनिटं आधी निघा आणि त्या फाटकापाशी जरा थांबा.