सीलिंग फॅन घरच्या घरी बसवताय? धोका नेमका कुठे असतो, समजून घ्या

उन्हाळा तोंडावर आला की नवा फॅन घरात येतो आणि वायरमनची वाट पाहण्यात दोन-चार दिवस जातात. मग 'चार बोल्ट तर आवळायचे आहेत' म्हणत अनेक जण स्वतःच शिडीवर चढतात. काम तसं अवघड नाही. पण चार-पाच किलोची वस्तू मिनिटाला तीनशेहून अधिक फेरे घेत वर्षानुवर्षं डोक्यावर लटकणार असते. ती कशाच्या आधारावर लटकते हे कळलं, की वायरमनने बसवलेला फॅनही तपासता येतो.

स्वतः फॅन बसवणं नियमात बसतं का?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार वायरिंगचं काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावं लागतं. मात्र वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल, तर दिवा, फॅन, फ्यूज, स्विच बदलण्याला यातून सूट आहे. म्हणजेच जुना फॅन काढून त्याच जागी नवा लावता येतो. नवा पॉइंट काढायचा असेल, तर परवानाधारकालाच बोलवा.

स्विच बंद केला तर पुरेसं आहे का?

नाही. स्विच फेजच्या वायरवर असायला हवा. पण काही घरांत, विशेषतः जुन्या वायरिंगमध्ये, तो चुकून न्यूट्रलवर जोडलेला असतो. अशा ठिकाणी स्विच बंद केल्यावर फॅन थांबतो, वरच्या वायरमधली वीज मात्र कायम राहते.

त्यामुळे मेन स्विच किंवा त्या खोलीचा एमसीबी बंद करा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, कारण मेन बंद होताच इन्व्हर्टर त्याच वायरमध्ये वीज सोडतो. काम सुरू आहे हे घरातल्या सगळ्यांना सांगा. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून पेटतो का ते पाहा, मेन बंद केल्यावर त्यानेच छतातल्या वायर तपासा.

फॅनचा सगळा भार कशावर असतो?

स्लॅबमधला लोखंडी हूक, त्यात बसणारं रबरी रीळ, त्या रिळाला धरणारा शॅकल आणि पाइपच्या दोन्ही टोकांचे नट-बोल्ट. एवढ्यावर सगळं वजन असतं.

जुना फॅन उतरवल्यावर आधी हूक पाहा. गंजाचे पापुद्रे निघत असतील, घासून तो बारीक झाला असेल किंवा त्याच्याभोवतीचा स्लॅब फुगला असेल, तर नवा फॅन तिथे टांगू नका. गळक्या स्लॅबच्या आणि समुद्राजवळच्या घरांत याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. पीओपीचं छत असेल, तर ते फॅनचं वजन पेलत नाही. अशा वेळी लांब पाइप घेऊन फॅन मूळ स्लॅबच्या हुकालाच लटकवावा लागतो.

छोटी पिन इतकी महत्त्वाची का?

फॅन सतत थरथरतो आणि त्या कंपनांनी नट हळूहळू सैल होत जातो. बोल्टच्या टोकाच्या भोकात घातलेली पिन नटाला निसटू देत नाही. पिन घालून तिची दोन्ही टोकं विरुद्ध दिशेला वाकवली, तरच तिचा उपयोग. पाइपच्या दोन्ही टोकांना पिन लागते. जुनी पिन पुन्हा वापरू नका, नवी पिन फॅनच्या खोक्यात मिळते. सोबत सेफ्टी वायर दिली असेल, तर तीही हुकाला अडकवा.

जोडणीचा क्रम कसा असतो?

वायर पाइपमधून ओढून घ्या, दोन्ही वाट्या पाइपवर चढवा आणि मग मोटर जोडा. वाट्या विसरल्या तर सगळं पुन्हा खोलावं लागतं. फॅन हुकाला लावताना खाली दुसरी व्यक्ती हवीच. फेज आणि न्यूट्रल माहितीपत्रकातल्या आकृतीप्रमाणे जोडा, कारण वायरचे रंग कंपनीनुसार बदलतात. अर्थिंगची हिरवी वायर मोकळी सोडू नका. पाती जमिनीपासून किमान ८ फूट वर आणि छतापासून सुमारे १ फूट खाली असावीत. एका फॅनची पाती दुसऱ्याला लावली तर तोल बिघडून फॅन डुलतो.

बीएलडीसी फॅनसाठी वेगळं काय?

जुना साधा १२०० मिलिमीटरचा फॅन ७० ते ८० वॅट वीज घेतो, बीएलडीसी साधारण २८ ते ३५ वॅट. मात्र बहुतेक बीएलडीसी फॅन जुन्या रेग्युलेटरवर चालवायचे नसतात. त्यांचा वेग रिमोटने बदलतो. रेग्युलेटर तसाच ठेवला, तर फॅनमधलं सर्किट खराब होऊ शकतं.

बसवल्यानंतर काय?

पहिल्यांदा फॅन सुरू करताना खाली कुणी उभं राहू नये. कमी वेगापासून सुरुवात करा. खडखड आवाज आला किंवा फॅन डुलला, तर बंद करून नट पुन्हा तपासा. त्यानंतर दिवाळीच्या सफाईत पाती पुसाल, तेव्हा मेन बंद करून वरची वाटी खाली सरकवा. पिन जागेवर आहे का आणि रबर झिजलंय का, हे पाहायला पाच मिनिटंही लागत नाहीत.