वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेनंतर व्यायामप्रशिक्षकाची निवड

स्थूलतेवरील शस्त्रक्रिया ही आता वैद्यकाची एक प्रस्थापित शाखा झाली आहे. १९५४ मध्ये क्रेमेन व लिनर ह्यांनी लहान आतड्याच्या मोठ्या भागाला वगळणारी शस्त्रक्रिया मांडली. पुढे १९६६ च्या सुमारास आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन ह्यांनी 'गॅस्ट्रिक बायपास' ह्या पद्धतीचा पाया घातला. आज तिच्या जोडीला जठराचा मोठा भाग काढून उरलेल्या भागाची नळी करणारी 'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी' सर्वत्र केली जाते. शस्त्रवैद्य कोण असावा, ह्याची रुग्ण कसून चौकशी करतो. परंतु त्यानंतर ज्याच्या हाती तो आपले शरीर आठवड्यातून तीन-चार वेळा सोपवितो, त्या व्यायामप्रशिक्षकाची निवड पुष्कळदा व्यायामशाळा घरापासून किती दूर, एवढ्यावरच होते. ही निवड कोणत्या कसोट्यांवर करावी, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

प्रशिक्षकाची योग्यता सामान्यतः त्याच्या शिष्यांचे वजन किती उतरले ह्यावरून ठरविली जाते. शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीच्या बाबतीत ही कसोटी निरुपयोगी ठरते. पहिल्या वर्षात वजन उतरते, ते मुख्यत्वे आहार घटल्यामुळे आणि भूक व तृप्ती ह्यांचे नियमन करणाऱ्या संप्रेरकांत पालट झाल्यामुळे. प्रशिक्षक निष्णात असो वा अननुभवी, काटा खाली येतोच. आणि त्याचे श्रेय मात्र अनायासे प्रशिक्षकाच्या पदरात पडते. ह्या काळात व्यायामाने वजनघटीत पडणारी भर माफकच असते. व्यायामाचा खरा लाभ दमश्वास व स्नायुबल ह्यांत दिसून येतो.

ह्या लाभाचे महत्त्व ध्यानी येण्यासाठी उतरणारे वजन कशाचे असते, हे पाहिले पाहिजे. त्यात केवळ मेद नसतो. सुमारे पाव हिस्सा मेदेतर द्रव्याचा असतो आणि त्यात स्नायूंचाही वाटा असतो. भारतीयांना ही हानी विशेष जाचक ठरण्याचा संभव आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व ब्रिटनमधील प्रा. जॉन युडकिन ह्यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात स्वतःचीच तुलना मांडली होती. दोघांचाही शरीरभार-निर्देशांक २२.३ होता, परंतु युडकिन ह्यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक ह्यांच्या शरीरात २१.२ टक्के आढळले. वजनकाटा शरीराची घटना दाखवीत नाही, हे ह्यावरून स्पष्ट व्हावे. ज्याच्याजवळ स्नायूंची पुंजी मुळातच बेताची, त्याने ती अधिक जपून वापरली पाहिजे.

म्हणून प्रशिक्षकाची पहिली परीक्षा तो काय मोजतो ह्यात आहे. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता तीस सेकंदांत किती वेळा उठता येते, सहा मिनिटांत किती अंतर चालता येते, हाताची पकड किती बळकट आहे, ह्यांची नोंद जो आरंभी करतो आणि ठरावीक काळाने ती पुन्हा घेतो, तो विषय जाणतो असे समजण्यास हरकत नाही. जो केवळ काट्याकडे बोट दाखवितो, त्याच्याविषयी सावध राहावे.

दुसरी परीक्षा त्याच्या प्रश्नांची. कोणती शस्त्रक्रिया झाली, किती आठवडे लोटले, शस्त्रवैद्याची लेखी अनुमती आहे काय, कोणती औषधे चालू आहेत, हे त्याने आपण होऊन विचारले पाहिजे. चालणे रुग्णालयातच सुरू होते. परंतु जड ओझे उचलणे व पोटावर ताण देणारे व्यायाम साधारणतः चार ते सहा आठवडे वर्ज्य असतात. जोर किंवा वजन घेऊन बैठका काढण्याची घाई केल्यास छेदाच्या जागी अंतर्गळ होण्याचा धोका असतो. अशा व्यक्तीला पेलाभर पाणी एका दमात पिता येत नाही. म्हणून घोटाघोटाने पाणी पिण्यास व्यायामात विराम ठेवावा लागतो. व्यायामापूर्वी साखरेचे पेय देण्याची रीतही येथे घातक ठरू शकते, कारण बायपासनंतर गोड पेयामुळे चक्कर, धडधड व पुढे एक ते तीन तासांत रक्तशर्करेचा उतार संभवतो. सांधे दुखले म्हणून आयब्युप्रोफेनसारखी गोळी सुचविणे तर सर्वथा अनुचित होय. तिने जठर व आतडे ह्यांच्या जोडाशी व्रण होऊ शकतो.

प्रमाणपत्राचे मोल किती, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. भौतिकोपचारादी व्यवसायांच्या नियमनाचा कायदा भारतात २०२१ मध्ये झाला. सामान्य व्यायामशाळेतील प्रशिक्षकाला मात्र तसा परवाना लागत नाही. प्रमाणपत्र असावे, परंतु तेवढ्यावर विसंबू नये. ज्यांना गुडघेदुखी, हृदयविकार किंवा इन्सुलिनची गरज आहे, त्यांनी आरंभ भौतिकोपचारतज्ज्ञाकडे करून नंतर प्रशिक्षकाकडे वळणे श्रेयस्कर.

प्रशिक्षकाने आपल्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. दररोज किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत, असा सर्वसाधारण दंडक आहे. ती कशी मिळवावीत हे आहारतज्ज्ञाने ठरवावयाचे. उपवास सुचविणारा किंवा स्वतःच चूर्णांचे डबे विकणारा प्रशिक्षक टाळावा. जुन्या तालमीतील वस्ताद शिष्याचा खुराक, झोप व स्वभाव जाणून मेहनत ठरवीत असे. ही जाण येथेही हवी, कारण वर्षानुवर्षे उपहास सोसलेल्या व्यक्तीला आरशासमोर उभे करून ओरडणे म्हणजे तिला व्यायामशाळेतून कायमचे घालविणे होय.

सारांश, आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम, पुढे शक्य तो ३०० मिनिटांपर्यंत वाढ, आणि दोन-तीन दिवस स्नायुबलाचा अभ्यास, हे मान्य उद्दिष्ट आहे. ते वर्षभर नव्हे, आयुष्यभर पाळावयाचे आहे. वजनाचा उतार साधारण दीड-दोन वर्षांत थांबतो. पुढे ते काहीसे परतही येऊ लागते. त्या वेळी काट्याचे उत्तेजन उरत नाही. तेव्हाही जिना चढण्याची, नातवंडाला उचलण्याची वाढती शक्ती ज्याच्या नोंदवहीत दिसते, तोच प्रशिक्षक योग्य निवडला असे म्हणता येईल.