चाकाच्या खुर्चीतल्या डॉक्टरीणबाई

झाडावरून पडून कंबर गेलेला एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. पडवीत बाज टाकलेली, पाठीला जखमा, आणि येणारा-जाणारा म्हणतो, "कुठलं पाप फेडतोय हा?" मंडळी ख्रिस्ती असली तर शब्द बदलतात एवढंच. "विश्वास कमी पडला!" अशांनी बायबलातला ईयोब पुन्हा वाचावा. त्याचे मित्र सात दिवस मुकाट जमिनीवर बसून राहिले, तेवढंच काय ते बरं केलं. पुढे तोंड उघडून त्याची पापं मोजू लागले, आणि देवाचा राग शेवटी त्यांच्यावरच निघाला.

केरळातल्या चेराई गावच्या डॉ. मेरी वर्गीस यांची हकीगत इथे सांगण्याजोगी आहे. तमिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्या स्त्रीरोगतज्ज्ञ व्हायच्या तयारीत होत्या. 1954 साली मोटारीला अपघात झाला. कमरेखालचं सगळं लुळं पडलं, चेहऱ्यावर व्रण राहिले. वय तिशीच्या आतलं. "देवा, मीच का?" हा प्रश्न अशा वेळी कुणाला चुकतो?

तिथेच डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरोग्यांची वाकडी बोटं सरळ करीत. धडधाकट स्नायूचा कंडरा लुळ्या बोटाला जोडायचा, असं ते नाजूक काम. ते बसूनही होतं. मेरीबाईंनी चाकाच्या खुर्चीत बसून शस्त्रक्रिया सुरू केल्या. जरा डोळ्यांपुढे आणा : रोग्याला चुलीवरच्या भांड्याचा चटका कळत नाही, आणि डॉक्टरीणबाईंना स्वतःच्या पायाला काय लागलं ते कळत नाही!

पुढे त्या न्यूयॉर्कला पुनर्वसनाचं शास्त्र शिकून आल्या. 1963 साली वेल्लोरला त्याचा विभाग निघाला, 1966 साली अशा रुग्णांना ठेवून घेणारी संस्था. 1972 साली पद्मश्री मिळाली. 1986 साली त्या वारल्या. पाय काही परत आले नाहीत. शरीरातला काटा निघावा म्हणून पौलानेही तीनदा मागणं केलं होतं, काटा राहिलाच. त्याचा विश्वास कमी होता, असं कोण म्हणेल?

असो. रविवारच्या उपासनेनंतर त्या पडवीत जाल, तेव्हा प्रार्थना जरूर करा. पण दर दोन तासांनी कूस बदलायला घरच्यांना हातही द्या. टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली मऊ उशी सरकवा, माकडहाडापाशी कातडी लाल झाली का ते बघा. आणि हो, रात्रीचीही पाळी असतेच.