बाजारवार (लेखांक 6) : गोदाकाठचा बुधवार, मेक्सिकोचा रविवार

बुधवारी गाडगे महाराज पुलाजवळ गोदाकाठी पाय ठेवायला जागा नसते. एरवी मोकळं असणारं गौरी पटांगण त्या दिवशी ताडपत्र्यांनी, पोत्यांनी आणि भाजीच्या वाट्यांनी भरून जातं. रात्र पडता पडता सगळं उचललं जातं. गुरुवारी तिथे बाजार होता हे फक्त उरलेल्या पाल्यावरून कळतं.

आठवडे बाजारांवरच्या या लेखमालेत गेल्या वेळी घोटीचा शनिवार पाहिला. आज नाशिकचा बुधवार पाहू, आणि त्याच्या जोडीला मेक्सिकोतले बाजार. इतक्या लांब जायला कारण आहे. आठवडे बाजारात जपण्यासारखं नेमकं काय असतं, हा प्रश्न आज नाशिकपुढे आहे, आणि मेक्सिकोत त्याचा विचार आपल्या आधीपासून चालू आहे.

स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेस नोव्हेंबर 1519 मध्ये आजच्या मेक्सिको सिटीच्या जागी असलेल्या अस्तेक राजधानीत शिरला. तिथल्या त्लातेलोल्कोच्या बाजाराचं वर्णन त्याने 1520 मध्ये आपल्या राजाला लिहिलेल्या पत्रात केलं आहे. रोज साठ हजारांहून जास्त माणसं तिथे खरेदी-विक्रीला येतात, असं तो म्हणतो. आकडा फुगवलेला असेल, पण व्यवस्थेचा तपशील त्याने बारकाईने टिपला आहे. प्रत्येक मालाची आळी वेगळी. तंटे तिथल्या तिथे मिटवायला एका इमारतीत दहा-बारा पंच बसलेले. मापं तपासत फिरणारे अधिकारी वेगळे, आणि खोटं माप सापडलं की ते जागेवर फोडत. सुट्ट्या पैशांचं काम कोकोच्या बिया करत. बाजार भरवण्यासाठी आधी काय लागतं ते या यादीत दिसतं: ठरलेली जागा, तंटे मिटवणारे पंच आणि मापावर विश्वास. विक्रेत्यांच्या डोक्यावरचं छप्पर त्यात नाही.

मेक्सिकोत आजही असे उघड्यावरचे बाजार भरतात. त्यांना तियांगीस म्हणतात. दक्षिणेकडच्या ओआहाका खोऱ्यात एत्लाचा बाजार बुधवारी, साचिलाचा गुरुवारी, ओकोत्लानचा शुक्रवारी आणि त्लाकोलुलाचा रविवारी असतो. विक्रेते वाराप्रमाणे गावं फिरतात. आपल्याकडचे कटलरीवाले, मसालेवाले आणि तयार कपड्यांचे टेंपो असेच फिरतात. मानववंशशास्त्रज्ञ ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांनी हुलिओ दे ला फुएन्ते या मेक्सिकन सहकाऱ्याबरोबर 1940-41 मध्ये या खोऱ्यातल्या बाजारांचा अभ्यास केला. एकेकटा बाजार पाहून काही कळत नाही, सगळ्या वारांचे बाजार मिळून एक यंत्रणा बनते, हे त्या अभ्यासातून पुढे आलं. आपल्याकडे इरावती कर्वे आणि हेमलता आचार्य यांनी महाराष्ट्रातल्या आठवडे बाजारांवर केलेलं काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1970 मध्ये प्रसिद्ध केलं. आदिवासी, ग्रामीण आणि शहरी अशा तिन्ही ठिकाणी आठवडे बाजार काय काम करतो, हा त्याचा विषय. नाशिकच्या बुधवारात हे तिन्ही एका पटांगणावर भेटतात. म्हणून मला तो जिल्ह्यातला सगळ्यात वाचनीय बाजार वाटतो.

आता माल पाहू. बुधवारच्या बाजारातून मूळचा मेक्सिकोचा माल बाजूला काढला तर पटांगण निम्मं रिकामं होईल. मिरची तिथली. टोमॅटोची लागवड तिथे रुजली आणि आज गिरणारे, पिंपळगाव बसवंत ही गावं टोमॅटोच्या हंगामावर चालतात. मका सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी दक्षिण मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांनी एका रानगवतापासून घडवला. तो येवला, मालेगाव, बागलाणपर्यंत पोचला, पण दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून मग वाटायची तिथली रीत त्याच्याबरोबर आली नाही. त्यामुळे तिकडे ज्या दाण्यावर घर जेवतं, तो इकडे बहुतेक कोंबड्यांच्या खाद्यात जातो. लाल भोपळा, पपई, पेरू, चिकू हेही अमेरिकेच्या त्या पट्ट्यातून आलेले. निशिगंध आणि झेंडू तर नक्कीच मेक्सिकोचे.

झेंडूपाशी थोडं थांबायला हवं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी नाशिकमध्ये झेंडूचे ढीग लागतात. मेक्सिकोत तेच ढीग ऑक्टोबरच्या शेवटी लागतात, कारण 1 आणि 2 नोव्हेंबरला तिथे मृतांचे दिवस पाळतात. गेलेल्या माणसांना घरची वाट सापडावी म्हणून उंबऱ्यापर्यंत पाकळ्यांची पायवाट घालतात. आपण त्याच फुलाचं तोरण दाराला बांधतो. दोन्हीकडे फूल एकाच सुमाराला का येतं, याचं उत्तर नकाशात आहे. नाशिक विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण 20 अंशांवर, मेक्सिको सिटी साडेएकोणीस अंशांच्या आसपास. उंचीत मोठा फरक आहे, पण पाऊस दोन्हीकडे जून ते सप्टेंबर-ऑक्टोबर. पावसात लावलेला झेंडू दिवस लहान होऊ लागले की फुलावर येतो. इतक्या दूरचं झाड इथे परकं वाटलं नाही, त्याचं एक कारण हे ऋतुमानच असावं.

राजगिऱ्याचंही असंच. धान्य म्हणून पिकवला जाणारा राजगिरा मेक्सिको आणि ग्वातेमालाच्या भागात घडला. त्याच्या लाह्या मध किंवा गुळासारख्या पाकात घालून केलेल्या वड्या तिथल्या बाजारात अलेग्रिया नावाने विकतात. आपला राजगिऱ्याचा लाडू समोर ठेवला तर दोघांत फक्त आकाराचा फरक उरतो. एकादशीला आपण जे निष्ठेने खातो, त्यातला राजगिरा, शेंगदाणा, बटाटा, रताळं आणि साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, हे सगळं अमेरिका खंडातून आलं. बाजाराने ते इतक्या सहज आपलंसं केलं की उपवासाच्या नियमांतही त्याला जागा मिळाली.

काही गोष्टी मात्र कुणी कुणाकडून घेतल्या नाहीत, जमिनीने दिल्या. नाशिक काळ्या बेसॉल्टवर वसलेलं आहे आणि मध्य मेक्सिकोही ज्वालामुखींचा प्रदेश. दोन्हीकडच्या बाजारांत दगडी पाटा विकायला असतो. आपला सपाट, जमिनीवर टेकणारा. त्यांचा मेताते तीन पायांचा आणि पुढे उतरता, चटण्या वाटायचा मोल्काहेते म्हणजे तीन पायांचा खल. घ्यायची रीत दोन्हीकडे एकच. दगडावर बोट फिरवायचं आणि भुकटी सुटते का ते पाहायचं. घरी आणल्यावर तांदूळ किंवा भरड मीठ वाटून फेकून द्यायचं, पांढरं वाटण करडं यायचं थांबेपर्यंत. गुळगुळीत झालेल्या पाट्याला टाकी लावून देणाऱ्या बाया आपल्याकडे दारोदार फिरायच्या. आता त्या क्वचित दिसतात, आणि त्यांच्याबरोबर चांगला दगड ओळखणारं गिऱ्हाईकही कमी होत चाललं आहे.

पावसाळ्यात या बाजारात गेलात तर आधी रानभाज्यांकडे जा. पेठ, त्र्यंबकच्या डोंगरांतून कर्टुली, शेवळी, टाकळा, कुर्डू, भारंगी येतात. वजनकाटा तिथे क्वचितच, वाट्यावर भाव. शेवळी घेताना मावशी विचारतात, “ताई, काकडं आहेत का घरी?” काकडं म्हणजे शेवळीची खाज मारणारी आंबट फळं. ती नसतील तर चिंच घाला, पण तशीच शिजवू नका, हेही त्याच सांगतात. ही माहिती पाकिटावर छापता येत नाही. ती विकणारी आणि घेणारी समोरासमोर असल्याशिवाय हातातून हातात जात नाही. मेक्सिकोतही रानातला पाला, म्हणजे केलितेस, आणि काटे तासलेली नोपाल निवडुंगाची पानं घेऊन बायका जमिनीवर बसतात. धान्याला ओआहाकाकडे अजून लाकडी पेटीचं माप आहे, आपल्या आदिवासी पट्ट्यात अजून पायली चालते. मापावर मूठभर वर घालायची पद्धत दोन्हीकडे आहे. तिकडे त्याला पिलोन म्हणतात, इकडे कोथिंबिरीच्या काड्या न मागता पिशवीत पडतात.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. बाजार नीट करायचा म्हणजे त्याला इमारतीत न्यायचं, असा विचार शहरं पुन्हा पुन्हा करतात. मेक्सिको सिटीत ला मर्सेदची भव्य मंडई 1957 मध्ये उभी राहिली. 1982 मध्ये घाऊक व्यापार शहराच्याच दुसऱ्या भागातल्या नव्या आवारात गेला. तरी ला मर्सेदच्या भोवतीच्या गल्ल्यांत जमिनीवरचा बाजार टिकूनच राहिला. नाशिकमध्ये घाऊक व्यापार बाजार समितीच्या आवारांत गेला, ते योग्यच झालं. गणेशवाडीत किरकोळ विक्रेत्यांसाठी मंडई बांधली गेली, पण ती बराच काळ ओस राहिली आणि विक्रेते नदीकाठीच बसत राहिले. त्याला हट्ट म्हणणं अन्यायाचं आहे. आठवड्यातून एकदा चार वाटे घेऊन येणाऱ्या बाईला कायमचा गाळा नको असतो. तिला तिची ओळखीची जागा हवी असते, गिऱ्हाईक जिथे तिला शोधत येतं ती.

मेक्सिको सिटीने 2016 मध्ये आपल्या सार्वजनिक बाजारांतल्या परंपरांना शहराचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे त्यासाठी वेगळी घोषणा शोधायला नको. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात परंपरेने भरत आलेल्या नैसर्गिक बाजाराची व्याख्या आहे. जिथे पन्नास वर्षांहून अधिक काळ विक्री चालू आहे असे बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावेत आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असं त्याच्या परिशिष्टात म्हटलं आहे. गोदाकाठचा बाजार याहून जुना आहे, हे पंचवटीतल्या कुठल्याही जुन्या घरात विचारलं तरी कळेल.

अडचण नदीची आहे आणि ती खरी आहे. गंगापूर धरणातून पाणी सुटलं की आधी हेच पटांगण बुडतं. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला झाकू लागलं होतं, तेव्हा काठावरच्या टपऱ्यांचं काय झालं ते शहराने पाहिलं. शिवाय 2026-27 च्या सिंहस्थासाठी घाट मोकळे लागणार. पण पुराच्या आणि पर्वणीच्या बुधवारांसाठी एकच पर्यायी जागा आधी ठरवून ती वर्षानुवर्षं तीच ठेवता येते. बुधवारच्या विक्रेत्यांची नोंद पथविक्रेता कायद्याखालच्या नगर पथविक्रेता समितीने करावी, आणि त्यात केवळ आठवड्यातून एकदा येणाऱ्या आदिवासी बायकांचीही नावं असावीत. पिण्याचं पाणी, बायकांसाठी स्वच्छतागृह आणि संध्याकाळी लगेच पाला उचलणारी गाडी, एवढं केलं तरी नदीही स्वच्छ राहील. सिंहस्थाची कामं चालू असतानाच हे ठरवून घ्यावं. पर्वण्या संपल्यावर बाजार परत पटांगणावर कधी येणार, त्याची तारीखही तेव्हाच लिहून ठेवावी.