मुलाचा ताबा, दोन देश आणि चाळीस वर्षं

जानेवारी १९८६. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात घटस्फोट झालेल्या एका बापाने शनिवार-रविवारच्या भेटीसाठी आपल्या सात वर्षांच्या मुलाला बरोबर घेतलं. तिथल्या न्यायालयाने ताबा आईकडे दिला होता, बापाला फक्त भेटीचा हक्क होता. ती भेट संपायच्या आत बाप-लेक भारतात पोचले आणि मुलगा पुण्यात आजी-आजोबांच्या घरी राहू लागला. आई अमेरिकन. तिच्या हातात तिथल्या न्यायालयाचा आदेश होता, पण पुण्यात त्या कागदाची अंमलबजावणी कोण करणार? ती थेट सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायमूर्तींनी मुलाला आपल्या दालनात बोलावून त्याच्याशी गप्पा मारल्या. नातू जवळ असावा ही आजी-आजोबांची ओढ त्यांनी समजून घेतली, पण मुलाचं हित अमेरिकेत आईजवळ आहे, असा निकाल नोव्हेंबरमध्ये दिला. मुलगा परत गेला.

सगळं मिळून दहा महिने लागले. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढच्या चाळीस वर्षांत इतक्या लवकर सुटका फार थोड्या आईबापांच्या वाट्याला आली.

त्याआधी दोन वर्षं, १९८४ साली, अशाच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पहिली मोठी वाट आखून दिली होती. जोडपं पंजाबातलं, संसार इंग्लंडमध्ये. नवऱ्याने बायकोला मारण्याचा कट रचला म्हणून त्याला तिथे शिक्षा झाली. बायकोनेच रदबदली केली म्हणून तो सुटला आणि नंतर मुलाला घेऊन भारतात निघून आला. निकाल लिहिला तो सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी. संसार जिथे झाला, मूल जिथे वाढलं, त्या देशाच्या न्यायालयाचा मुलाशी सर्वांत जवळचा संबंध असतो, हे तत्त्व त्यांनी मांडलं आणि मुलगा आईच्या हवाली केला.

नेमक्या त्याच काळात जग एका करारावर येत होतं. २५ ऑक्टोबर १९८० रोजी हेग इथे झालेला हा करार १ डिसेंबर १९८३ पासून लागू झाला. दुसऱ्या पालकाचा ताब्याचा हक्क डावलून एका पालकाने सोळा वर्षांखालचं मूल परदेशी नेलं, तर ते आधी मूळ देशात परत पाठवायचं आणि ताब्याचं भांडण तिथेच सोडवायचं, हा त्याचा गाभा. सहा आठवड्यांत निर्णय अपेक्षित. मुलाला परत पाठवण्यात गंभीर धोका असेल तर अपवाद. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया ऐंशीच्या दशकातच त्यात आले. जपान २०१४ साली आला. भारत आजही बाहेर आहे.

बाहेर राहिल्याचा अर्थ काय, हे नव्वदच्या दशकात मुंबईतल्या एका खटल्याने दाखवलं. १९८३ साली जेमतेम पस्तीस दिवसांचं बाळ घेऊन आई अमेरिकेतून निघाली आणि मुंबईत राहून तिने मुलाला वाढवलं. वडील अमेरिकेत. मुंबई उच्च न्यायालयाने ताबा वडिलांकडे दिला. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९७ मध्ये तो निकाल फिरवला. परदेशी न्यायालयाचा आदेश विचारात घ्यायचा, पण तो अनेक बाबींपैकी एक, आणि बारा वर्षांहून जास्त काळ आईजवळ वाढलेल्या मुलाला उपटून दुसऱ्या देशात लावणं हिताचं नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. निकाल योग्यच होता. पण भांडणात एक अख्खं बालपण सरलं की न्यायालयापुढे निवडीला फारसं काही उरतच नाही, हेही त्यातून दिसलं.

पुढची वीस वर्षं न्यायालयाचा लंबक हेलकावत राहिला. २०१५ साली एका खटल्यात, ज्या देशाच्या न्यायालयाने आधी आदेश दिला त्याचा मान राखायचा असं ठरलं आणि कोइम्बतूरला आणलेल्या दोन मुलींना इंग्लंडला परत पाठवण्याचा आदेश निघाला. दोनच वर्षांनी, जुलै २०१७ मध्ये, न्यायमूर्ती अजय खानविलकर यांनी लिहिलेल्या त्रिसदस्यीय निकालाने ही पद्धत बाजूला सारली. त्या खटल्यातली लहान मुलगी हृदयविकाराची रुग्ण होती आणि आईने छळाचे आरोप केले होते. आदेश कुणी आधी दिला हे मोजण्यापेक्षा समोरच्या मुलाचं हित पाहा, असं या निकालाने बजावलं.

या भांडणात कुणाची बाजू घ्यावी, असा प्रश्न सरळ उभा करता येत नाही. हेग करारावर सही करायला भारत कचरला, त्यामागे खरी माणसं आहेत. नवऱ्याच्या व्हिसावर परदेशी गेलेली, तिथे नोकरीची परवानगी नसलेली, मार खाणारी बायको शेवटी मूल उचलून माहेरी येते. करारानुसार तिचं मूल परत पाठवलं, तर तिने कुठल्या घरात आणि कुठल्या पैशांवर तिकडे खटला लढवायचा? विधी आयोगाने २००९ साली भारताने करारात यावं असं सुचवलं. २०१६ साली कायद्याचा मसुदाही तयार झाला. तेव्हाच्या महिला व बालविकास मंत्री मनेका गांधी यांनी याच बायकांचा विचार करून नकार दिला. पण परदेशात एका सकाळी मुलाची खोली रिकामी दिसलेला बाप किंवा आई, तीही खरी माणसंच. न्यायमूर्ती राजेश बिंदल यांच्या समितीने २०१८ साली मधला मार्ग काढला. अशा तंट्यांसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमावं, त्याने मुलाचं हित आणि घरातला छळ दोन्ही तपासून निर्णय द्यावा. हा मार्ग शहाणपणाचा होता. तो कागदावरच राहिला, याची चीड यायला हवी.

नाण्याची दुसरी बाजू म्हणजे भारतातून मूल बाहेर नेणं. पुण्या-मुंबईच्या कौटुंबिक न्यायालयांना हा प्रश्न आता नवा नाही. घटस्फोट झाला, आईला परदेशी नोकरी लागली, आणि बाप म्हणतो, मूल नेऊ नकोस. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका आईला मुलासह ऑस्ट्रेलियाला जाऊ दिलं. मूल आणि नोकरी यातलं एक निवड, असं आईला सांगता येणार नाही, हे तेव्हा स्पष्ट झालं. २०२२ साली पुण्यातल्या एका अभियंता आईला पोलंडमधल्या क्राकूव शहरात काम मिळालं. कौटुंबिक न्यायालयाने परवानगी नाकारली होती. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती भारती डांगरे यांनी नऊ वर्षांच्या मुलीला बरोबर नेण्याची मुभा दिली आणि वडिलांच्या भेटीची सोयही लावून दिली.

पण परवानगी दिल्यावर परदेशी गेलेला पालक शब्द पाळेल कशावरून? केनियाच्या खटल्याने या प्रश्नाचं कडू उत्तर दिलं. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलाला वडिलांकडे नैरोबीला जाऊ दिलं. अट अशी की भारतातला आदेश तिथल्या न्यायालयात नोंदवून घ्यायचा, म्हणजे आईचा भेटीचा हक्क तिथेही चालेल. मुलगा गेला. मग वडिलांनी तिथे भारतीय न्यायालयाचा अधिकारच नाकारला. एका वर्षाच्या आत, ऑक्टोबर २०२१ मध्ये, न्यायमूर्ती उदय लळीत यांच्या खंडपीठाने आपलाच आदेश मागे घेतला आणि मुलाला परत आणायचं काम सीबीआयवर सोपवलं. देशातलं सर्वोच्च न्यायालय इतक्या अटी घालूनही फसू शकतं, तिथे साध्या लेखी हमीपत्राचं काय?

प्रत्यक्षात अडवण्याची साधनं मोजकीच आहेत. अज्ञान मुलाच्या पासपोर्टच्या अर्जाबरोबर आई-वडील दोघांच्या सहीचा ‘ॲनेक्शर डी’ लागतो. एकाची सही मिळत नसेल तर ‘ॲनेक्शर सी’ भरून दुसरा पालक एकट्याने अर्ज करू शकतो. आणि पासपोर्ट आधीच काढलेला असेल, तर ही सहीची पायरीही मागे पडलेली असते. १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार न्यायालयाने नेमलेल्या पालकाला परवानगीशिवाय मूल हद्दीबाहेर नेता येत नाही, पण दोघांपैकी कुणीही न्यायालयात गेलेलंच नसेल तर मूल घेऊन विमानात बसणाऱ्याला थेट अडवणारा कायदा नाही. पोलिसांत अपहरणाची तक्रार दिली तरी ती टिकेलच असं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नागपूर खंडपीठाने अमरावतीच्या एका बापावरचा असा गुन्हा रद्द केला. न्यायालयाचा मनाई आदेश नसताना नैसर्गिक पालकाने स्वतःचं मूल नेणं हे अपहरण ठरत नाही, असं त्याचं कारण.

एक गोष्ट मात्र या काळात खरोखर सुधारली. जानेवारी २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने भेटीच्या हक्काच्या जोडीला संपर्काचा हक्क ठेवला. मूल दुसऱ्या देशात असेल तर दूरच्या पालकाला रोज पाच-दहा मिनिटं तरी व्हिडिओ कॉलवर बोलता आलं पाहिजे. पाच-दहा मिनिटं फार नाहीत. पण शाळेत आज काय झालं, पडलेला दात कुठे ठेवला, हे ऐकायला तेवढी पुरतात, आणि मूल आवाज विसरत नाही.

म्हणून ज्यांच्या घरात, लेकीच्या किंवा मुलाच्या संसारात, अशी ताणाताणी सुरू आहे, त्यांना एकच कळकळीची विनंती आहे. ‘बघू, होईल सगळं ठीक’ म्हणत तिकिटं निघेपर्यंत थांबू नका. त्याच आठवड्यात कौटुंबिक न्यायालयात जा, मुलाला परदेशी नेण्यावर तात्पुरती मनाई मागा, पासपोर्ट न्यायालयात जमा करून घ्या. आणि परदेशी जाणं खरंच गरजेचं असेल, तर लपूनछपून नव्हे, न्यायालयाच्या परवानगीने जा.