हृदय मिळाले; बळ कसे मिळणार?

३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउन येथे डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे पहिले प्रत्यारोपण केले. अडीच महिन्यांतच, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतात तोच प्रयत्न केला. केपटाउनचा रुग्ण १८ दिवस जगला, मुंबईचा काही तासच. रुग्ण जगेल काय, हाच तेव्हाचा प्रश्न होता. १९९४ मध्ये दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांची शस्त्रक्रिया यशस्वी झाली आणि पुढचा प्रश्न आपल्यापुढे आला: जगलेला रुग्ण पुन्हा कामाला उभा राहील काय?

प्रत्यारोपणात हृदयाचे मज्जातंतू तुटतात. त्यामुळे विश्रांतीतही ते मिनिटाला सुमारे ९० ते १०० वेळा धडधडते. जिना चढू लागताच आपले हृदय तत्काळ वेग घेते. हे हृदय मात्र रक्तातून ॲड्रेनलिन पोहोचेपर्यंत संथच राहते आणि श्रम थांबल्यावरही काही वेळ धावत राहते. त्यातच दीर्घ आजाराने स्नायू क्षीण झालेले असतात व स्टिरॉइड औषधे त्यांना आणखी दुबळे करतात. परिणामी, अशा रुग्णाची श्रमक्षमता समवयस्क निरोगी माणसाच्या साधारणतः ५० ते ७० टक्केच भरते. परंतु नियमित व्यायामाने ती निश्चित वाढते.

असा रुग्ण खानदेशात परतला, की घरची माणसे मायेपोटी त्याला खाटेवरून हलू देत नाहीत. लक्षावधी रुपये आणि एका शोकाकुल कुटुंबाचे दान खर्ची घालून पुढे असे होऊ देणे म्हणजे धरण बांधून पाटचाऱ्या कोरड्या ठेवणे होय. शेतकऱ्याला बांधापर्यंत आणि कारकुनाला कचेरीच्या जिन्यापर्यंत नेणे, हेच त्या खर्चाचे खरे फळ.

त्यासाठी दर वेळी मुंबई गाठण्याचे कारण नसावे. धुळे व जळगाव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने तेथे व्यायामाची देखरेख व्हावी. एक लांब ओसरी, एक घड्याळ आणि जाणता फिजिओथेरपिस्ट एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. सहा मिनिटांत रुग्ण किती अंतर चालला, याची नोंद ठेवावी. आरंभ व शेवट सावकाश असावा, नाडीपेक्षा धाप किती लागते यावर श्रम जोखावेत आणि येथील उन्हाळ्यात चालणे पहाटेच उरकावे.

शल्यविशारदाने दिलेले आयुष्य पायांवर उभे करणे, हे आता जिल्ह्याचे कर्तव्य आहे.